खांद्यावरची खूण

१० जुलै १९४४. इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, डोंगरउताराच्या एका वळणावर, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीचा एक सेक्शन पुढे सरकत होता. सेक्शनचा प्रमुख होता नाईक यशवंत घाडगे, वय बावीस वर्षं. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि पाहता पाहता घाडगे सोडून सेक्शनमधले सगळे पडले, काही ठार, काही जखमी. घाडगे मागे वळले नाहीत. ते सरळ मशीनगनच्या मोर्चावर धावले. पहिल्यांदा हातबॉम्ब टाकून त्यांनी गन आणि ती चालवणारा दोघांनाही संपवलं, मग दुसऱ्यावर गोळ्या झाडल्या. बंदुकीचं मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने मारलं. त्याच क्षणी लपलेल्या शत्रूच्या नेमबाजाने त्यांच्यावर गोळी झाडली. मोर्चा हाती आला, घाडगे तिथेच पडले.

या कृत्यासाठी त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या वर्षी दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हातून तो त्यांच्या पत्नीने स्वीकारला. घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. आजच्या मुंबई-गोवा महामार्गावर कोलाड मागे टाकून दक्षिणेला निघालं की पुढचं मोठं गाव माणगाव. माणगावकडचा शेतकरी आणि टायबरच्या खोऱ्यातली ती गोळी, या दोहोंमध्ये हजारो मैलांचा समुद्र आहे. घाडग्यांची समाधी कुठेही नाही. त्यांचं नाव इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर आहे, ज्यांची कबर वा अंत्यविधीची जागा माहीत नाही अशा चार हजारांहून अधिक राष्ट्रकुल सैनिकांच्या नावांसोबत.

ज्याचं शरीर घरी आलं नाही त्याच्या घरी काय आलं? कधी एक तार, कधी पेन्शनचा कागद, कधी पदकाची पेटी. आणि ज्यांचा माणूस जिवंत परतला त्यांच्या घरात जुन्या ट्रंकेच्या तळाशी राहिला तो हातभर खाकी कपडा, एखादा पितळी बिल्ला आणि सदऱ्याच्या बाहीवरून उसवून ठेवलेला कापडाचा एक छोटा चौकोन. त्यावर काहीतरी चित्र असतं: एखादा प्राणी, पान, गोळा, बाण. आजोबांची किंवा पणजोबांची ती ठेव आहे एवढं घरातल्यांना माहीत असतं, पण ती काय सांगते हे बहुतेकांना माहीत नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की कोलाड, रोहा, माणगाव, महाड या पट्ट्यातल्या साध्या माणसांच्या जगाच्या इतिहासातल्या वाटचालीचा सर्वांत खात्रीचा पुरावा बहुतेकदा हा कापडाचा तुकडाच असतो, आणि त्याचा वारसा मिळणं म्हणजे तो वाचण्याची जबाबदारी मिळणं.

ही माणसं पलटणीत गेली कशी, याचं उत्तर जमिनीत आहे. जुन्या कुलाबा जिल्ह्यातली शेती म्हणजे पावसावरचं भाताचं एक पीक आणि डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी. खोताचा हिस्सा, सावकाराचं देणं आणि भावाभावांत तुकडे होत गेलेलं खाचर यातून घर चालत नव्हतं. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावचा शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली, तो याच पिळवणुकीविरुद्ध. ज्याच्या घरात तोंडं जास्त आणि जमीन कमी, त्याच्यापुढे दोन वाटा होत्या: मुंबईची गिरणी नाहीतर बेळगावची पलटण. गिरणीतून पगार येई, पलटणीतूनही पगार येई, आणि पलटणीच्या पगारामागे पेन्शन असे. टपालाने मनीऑर्डर आली की घरातल्या बाईच्या अंगठ्यावर शाई लागे. अशा शाईच्या ठशांवर या पट्ट्यातली कित्येक घरं उभी राहिली.

मराठा पलटणींची वंशावळ ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या शिपायांपर्यंत मागे जाते. सर्वांत जुनी जंगी पलटण १७६८ ची. पळसगावच्या घाडग्यांची तिसरी पलटण १७९७ मध्ये उभी राहिली. पूर्वी तिची ओळख होती एकशे दहावी मराठा. १९२२ च्या पुनर्रचनेत मुंबई लष्करातल्या मराठा पलटणी एका छत्राखाली आल्या आणि पाचवी मराठा लाइट इन्फंट्री हे नाव जन्माला आलं. केंद्र बेळगावला. टोपीवरच्या बिल्ल्यात शिंग असण्याचं कारण या ‘लाइट इन्फंट्री’ शब्दात आहे. हलकी पायदळ तुकडी मोठ्या रांगेत कवायत करत चालत नाही, पांगून, झपाट्याने, शिंगाच्या इशाऱ्यावर हलते. काळी पाचवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पलटणीला हा दर्जा मिळाला तो १८४० मध्ये बलुचिस्तानातल्या मरी टोळ्यांच्या डोंगरात कहान इथे दाखवलेल्या चिकाटीमुळे. कॅप्टन लुईस ब्राउनच्या हाताखाली ती महिनोन्महिने वेढ्यात टिकली आणि शेवटी शस्त्रं आणि तोफांसह सन्मानाने बाहेर पडली. एखाद्या घरात पितळी शिंगाचा बिल्ला असेल तर त्यामागे एवढ्या लांबचा इतिहास आहे.

पहिल्या महायुद्धात या माणसांच्या खांद्यावर चित्रं नव्हती, धातूच्या अक्षरांत पलटणीचं नाव असे. ज्या युद्धाने कोकणातली आणि देशावरची सर्वांत जास्त मराठी घरं हादरवली ते मेसोपोटेमियातलं, म्हणजे आजच्या इराकमधलं. पुण्याच्या नावाने ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन जनरल टाउनशेंडच्या हाताखाली तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने चालली आणि तेसिफोनहून परतताना कुत-अल-अमारा इथे अडकली. वेढा ७ डिसेंबर १९१५ रोजी सुरू झाला आणि २९ एप्रिल १९१६ पर्यंत १४७ दिवस चालला. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीनही मराठा पलटणी होत्या. अन्न संपत गेलं, घोडे आणि खेचरं कापून खायची वेळ आली. धर्मभावनेमुळे घोड्याचं मांस न खाणाऱ्या शिपायांची अवस्था अधिकच वाईट झाली. शरण गेलेल्या सुमारे तेरा हजार माणसांपैकी हजारो जण वाळवंटातल्या पायपिटीत आणि तुर्की कैदेत मेले. त्यांतल्या अनेकांचं स्मरण बसराच्या स्मारकाने केलं आहे. अडीच वर्षांनी, १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये, शरकतच्या लढाईत ११४ व्या मराठा पलटणीने एकाच मोहिमेत अठ्ठावीस शौर्यपदकं मिळवली.

युद्ध संपल्यावर सरकारने अनेक गावांत संगमरवरी फळ्या लावल्या. कोकणातल्या आणि देशावरच्या कित्येक गावांच्या चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीवर ती फळी दिसते: या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगेच्या फळीवर मेलेल्यांचा आकडा ४६ आहे, आणि त्या गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी झालं. फळीवर आकडे आहेत, माणसं नाहीत. कोणाच्या खांद्यावर कुठलं अक्षर होतं हे घरच्यांनीच जपायला हवं होतं. ते पितळी अक्षर किंवा कडेवर नाव कोरलेलं पदक ज्यांनी जपलं त्यांच्या हाती फळीच्या आकड्यातला एक माणूस नावानिशी उरला.

कापडी खूण आली ती मोठ्या सैन्यांच्या युगात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश डिव्हिजनांनी बाहीवर आणि गाड्यांवर चिन्हं लावायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात ही पद्धत भारतीय सैन्यातही रुजली. डिव्हिजन म्हणजे हजारो माणसांची, तोफा-इंजिनिअर-दवाखाना-दळणवळण सगळं असलेली मोठी लढाऊ रचना. तिच्या बाहीवर तिचं नाव किंवा क्रमांक लिहिला तर शत्रूला सगळी माहिती मिळणार. म्हणून चित्र. आपल्या माणसाला ते चटकन ओळखू येतं, परक्याला त्याचा अर्थ लागत नाही. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही आपली डिव्हिजन, आपली गाडी, आपला रेशनचा डेपो चित्रावरून सापडतो. काळ्या कापडावरचा लाल गोळा ही पाचव्या भारतीय डिव्हिजनची खूण. लाल गरुड चौथ्या डिव्हिजनचा. सोनेरी बाण सातव्याचा, काळी मांजर सतराव्याची, खंजीर एकोणिसाव्याचा. आठव्या डिव्हिजनची खूण क्लोव्हर नावाच्या रानगवताच्या तीन चौपानी डहाळ्यांची. तेविसाव्याची खूण झुंजीचा कोंबडा.

या चित्रांच्या मागे मराठी पलटणी शोधू लागलं की युद्धाचा नकाशाच उलगडतो. १९४१ च्या मार्चमध्ये आफ्रिकेतल्या एरिट्रियात केरेनच्या उंच कड्यांवर इटालियन सैन्य बसलं होतं. तिथे पाचव्या डिव्हिजनच्या नवव्या ब्रिगेडमध्ये, लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड यांच्या हाताखाली, घाडग्यांचीच तिसरी पलटण लढली. १५ मार्चला त्यांनी फ्लॅट टॉप टेकडी घेतली, शेजारचं शिखर फ्रंटियर फोर्सच्या पलटणीने घेतलं आणि पुढे वेस्ट यॉर्कशायरच्या पलटणीने किल्ल्यावर झडप घातली. ‘शिवाजी महाराज की जय’ ही आरोळी तिथे आफ्रिकेच्या दगडांवर घुमली. केरेन २७ मार्चला पडलं. रीड पुढे १९४२ मध्ये वाळवंटात कैद झाले, इटलीतल्या कैदेतून निसटले, आणि १९४४ मध्ये इटलीतल्या दहाव्या भारतीय डिव्हिजनचे सेनापती म्हणून परत आले. यशवंत घाडगे ज्या दिवशी पडले त्या दिवशी ते रीड यांच्याच डिव्हिजनमध्ये होते. केरेनच्या कड्यावर ज्या पलटणीला रीड यांनी वर चढवलं होतं, त्याच पलटणीचा माणूस टायबरकाठी त्यांच्या हुकमतीखाली मेला.

दुसरी पलटण, काळी पाचवी, जून १९४२ मध्ये तोब्रुकला होती. जर्मन सेनापती रोमेलच्या सैन्याने २१ जूनला तोब्रुक घेतलं आणि पलटण जवळपास सगळी कैद झाली. आफ्रिकेतून इटलीच्या छावण्यांपर्यंत कैद्यांचा प्रवास झाला. मनीऑर्डर थांबली, पत्रं थांबली. माणूस जिवंत आहे की नाही हे घरी महिनोन्महिने कळत नसे.

पूर्वेकडे बर्मा-मणिपूरच्या सीमेवर तेविसावी डिव्हिजन होती, तिचा कोंबडा बाहीवर मिरवत. कोकणातल्या शिपायाला त्या कोंबड्याची ओळख सांगावी लागली नसेल. मार्च १९४४ मध्ये जपानी एकतिसावी डिव्हिजन कोहिमाकडे धावत असताना सांगशाकच्या टेकडीवर ब्रिगेडियर होप-थॉमसन यांची पन्नासावी पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली आणि तिच्या मदतीला चौथी मराठा पलटण होती. पाणी नाही, काटेरी तार नाही, खडकात खंदक खणता येत नाही. १९ मार्चच्या सुमारास सुरू झालेली ही झुंज २६ तारखेपर्यंत चालली. शेवटी जे उरले ते रात्रीच्या अंधारात जंगलातून इंफाळकडे निघाले. टेकडी गेली, पण जपानी सैन्याचे मोलाचे दिवस तिथे खर्ची पडले आणि तेवढ्यात कोहिमा आणि इंफाळच्या बचावाची तयारी झाली.

इटलीत आठव्या डिव्हिजनच्या एकविसाव्या ब्रिगेडमध्ये पहिली मराठा पलटण होती. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदी ओलांडताना नामदेव जाधव नावाच्या शिपायाने, जो पलटणीत संदेश पोचवण्याचं काम करत होता, पाण्यातून आणि सुरुंगांच्या शेतातून दोन जखमी सोबत्यांना सुखरूप नेलं आणि मग एकट्याने शत्रूचे तीन मशीनगनचे मोर्चे शांत केले. हाताला गोळी लागली होती. बंधाऱ्यावर उभं राहून त्याने मराठ्यांची आरोळी दिली आणि मागच्या कंपन्यांना हात करून पलीकडे बोलावलं. जाधव मूळचे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तो घ्यायला ते जिवंत होते.

या खुणेत आणखी एक गोष्ट आहे, जी मला फार महत्त्वाची वाटते. डिव्हिजनची खूण एका जातीची किंवा एका पलटणीची नसते. त्या एकविसाव्या ब्रिगेडमध्ये मराठ्यांच्या शेजारी केंटचे इंग्रज होते आणि पंजाबचे मुसलमान व शीख होते. तिघांच्याही बाहीवर तेच चित्र. कोलाडच्या माणसाच्या ट्रंकेत जी खूण आहे तिचा जुळा केंटमधल्या कुठल्यातरी घरातल्या खणात आहे आणि रावळपिंडीजवळच्या कुठल्यातरी गावातही आहे. फाळणीने पंजाब तुटला, सैन्य वाटलं गेलं, पण त्या तिघांच्या बाहीवरचं चित्र कोणालाही वाटून घेता आलं नाही. आपल्या आजोबांच्या शेजारी खंदकात कोण बसलं होतं हे तो चौकोन सांगतो.

आता आणखी एका बिल्ल्याविषयी, महार रेजिमेंटच्या, ज्याच्याशी या पट्ट्याचं फार जवळचं नातं आहे. महाड, माणगाव, रोहा आणि खाली दापोलीपर्यंतच्या महार वाड्यांत एकेकाळी लष्करी पेन्शनरांची दाट वस्ती होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत कंपनीच्या पलटणीत महार शिपाई होते, आणि तिथल्या स्तंभावर कोरलेल्या नावांत ‘नाक’ हा प्रत्यय लागलेली बावीस नावं आजही वाचता येतात. लष्करात राहून वाचन शिकलेला, जग पाहून आलेला, पेन्शनवर जगणारा महार माणूस गावात परत आला की तो पूर्वीसारखा वाकत नसे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर असेच निवृत्त सैनिक. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेला धर्मग्रंथांच्याच आधारे प्रश्न विचारले. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज करणाऱ्यांत वलंगकर होते. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी हीच मागणी लावून धरली. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्धानंतर ती मोडली गेली. म्हणजे गरज लागली की भरती, गरज संपली की बंदी.

१९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर, जे स्वतः सुभेदार रामजींचे पुत्र होते, व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर आले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ मध्ये ही रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली आणि बिल्ल्यात एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगन आल्या. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. घोष झाला ‘बोलो हिंदुस्तान की जय’. ज्याच्या घरात स्तंभ असलेला जुना बिल्ला आहे त्याच्याकडे फार थोड्या वर्षांची पण फार मोठ्या अर्थाची वस्तू आहे. पिढ्यान्पिढ्या लष्करात घेतलं आणि काढलं गेलेल्या माणसांनी स्वतःचं नाव डोक्यावर धारण केलं तो क्षण त्या पितळेत आहे. १९२७ मध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायला महाडला जमलेल्या लोकांत लष्करी पेन्शनरही होते. पलटणीत जो सगळ्यांबरोबर रांगेत उभा राहिला त्याला गावच्या तळ्यावर मागे उभं राहणं यापुढे मान्य होणार नव्हतं. बिल्ल्याने दिलेली ही हिंमत इतिहासाच्या पुस्तकात ठळक अक्षरांत यायला हवी.

हे सगळं ब्रिटिश राजमुकुटाखाली घडलं, ही गोष्ट लपवण्याची गरज नाही. १० सप्टेंबर १९४२ ला नाना पुरोहितांच्या नेतृत्वाखाली महाडच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि हुतात्मे पडले. त्याच महिन्यात महाड-माणगावचे तरुण आफ्रिकेच्या वाळवंटात त्याच सरकारच्या बाजूने लढत होते किंवा कैदेत होते. एकाच खोऱ्यातून एक भाऊ तुरुंगात आणि एक भाऊ पलटणीत, असं घडणं त्या काळात अजिबात नवल नव्हतं. आणि १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये कोंबड्याची खूण लावलेली तेविसावी डिव्हिजन जावा बेटावर उतरली तेव्हा तर परिस्थिती आणखी कठीण होती. सुराबायामध्ये इंडोनेशियाचे लोक आपल्या स्वातंत्र्यासाठी उठले होते, आणि सहाव्या मराठा पलटणीचे जवान त्या शहराच्या रस्त्यांवर त्यांच्याविरुद्ध उभे होते. ३० ऑक्टोबरला त्यांच्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलाबी तिथे मारले गेले. ज्यांचा स्वतःचा देश अजून स्वतंत्र नव्हता अशी माणसं दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्याच्या आड उभी केली गेली. मेले तेही इकडचेच शेतकरी होते.

म्हणून वारशाने मिळालेली खूण जपायची म्हणजे केवळ अभिमान जपायचा असं नाही. त्यातलं शौर्य खरं आहे, त्यातली उपासमार खरी आहे, त्यातला पारतंत्र्याचा सल खरा आहे. या तिन्ही गोष्टी एकाच बाहीवर होत्या, आणि एकीसाठी दुसरी पुसली तर माणूसच पुसला जातो.

स्वातंत्र्यानंतर बिल्ले बदलले. प्रजासत्ताक झाल्यावर लष्कराच्या चिन्हांतला राजमुकुट गेला आणि अशोकाचे सिंह आले. घाडग्यांच्या तिसऱ्या पलटणीने तर पूर्ण रूपच बदललं. ती पॅराशूट पलटण झाली आणि १९५२ मध्ये दुसरी पॅरा (मराठा) म्हणून नव्या रेजिमेंटमध्ये गेली. शिंगाच्या जागी पंख लावलेली हवाई छत्री आली, डोक्यावर किरमिजी टोपी आली. ११ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी हीच पलटण लेफ्टनंट कर्नल के. एस. पन्नू यांच्या हाताखाली बांगलादेशात टांगाईलजवळ हवेतून उतरली आणि पुंगलीचा पूल घेऊन तिने ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट अडवली. पाच दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली. सुराबायाच्या रस्त्यांवरची वेदना ज्यांना समजते त्यांना टांगाईलचं समाधानही समजेल. या वेळी मराठी जवान दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उतरला होता.

इटलीने घाडग्यांना विसरू दिलं नाही. २०२३ च्या जुलैमध्ये पेरुजाजवळच्या मोंतोने गावात, जिथल्या परिसरात ते पडले, त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं गेलं. त्यावरचा लॅटिन मजकूर सांगतो की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. दुसऱ्या महायुद्धात इटलीत ५,७८२ भारतीय सैनिक मेले. माणगावला घाडग्यांचा पुतळा आहे. पण व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्याचा पुतळा होतो. ज्याला काहीच मिळालं नाही, जो गाडी चालवत होता, खेचरं हाकत होता, स्वयंपाक करत होता, स्ट्रेचर उचलत होता, त्याच्यासाठी घरातला तो कापडाचा चौकोनच सारं काही आहे.

तेव्हा ज्यांच्या घरात अशी ठेव आहे त्यांनी चार गोष्टी कराव्यात. पहिली, चित्र नीट पाहावं. बिल्ला पितळी असेल तर तो रेजिमेंट सांगतो, कापडी खूण डिव्हिजन सांगते, पदकांच्या रंगीत फिती रणभूमी सांगतात. लाल-पांढरी-हिरवी इटालियन झेंड्याच्या रंगांची फीत इटलीची, आणि मधल्या लाल पट्ट्याभोवती निळे-केशरी पट्टे असलेली बर्माची. ही तीन जुळवली की माणसाचा मार्ग जवळजवळ ठरतो. दुसरी, पेन्शनबुक किंवा डिस्चार्जचा कागद असेल तर त्यावरचा शिपाई क्रमांक उतरवून घ्यावा, कारण बाकी सगळं त्या क्रमांकाला लागून येतं. मेलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत शोधता येतात. शोधताना जिल्हा ‘रायगड’ लिहून चालणार नाही, कारण १९८१ पर्यंत या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं आणि जुन्या नोंदींत तेच आहे. हयात माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या कागदांसाठी अलिबागचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, मराठा रेजिमेंटच्या इतिहासासाठी बेळगावचं रेजिमेंटल सेंटर आहे.

तिसरी गोष्ट, कापड धुवू नये. कोकणच्या पावसाळ्यात चार महिने हवेत इतका ओलावा असतो की जुन्या सुती कापडाला बुरशी लागते. ते सपाट ठेवावं, पांढऱ्या सुती फडक्यात, घडी न घालता, उन्हापासून दूर. भिंतीवर काचेत लावलं तर रंग उडतो. पाहायचंच असेल तर फोटो काढून तो लावावा आणि मूळ कापड आत ठेवावं. चौथी गोष्ट सर्वांत मोलाची. त्या कापडाबरोबर एक कागद ठेवावा आणि त्यावर लिहावं: हे कोणाचं, कुठल्या गावचा, कोणाचा मुलगा, कोणत्या पलटणीत, घरी काय काय सांगायचा. आजीने सांगितलेली एखादी आठवण, एखादं परक्या शहराचं बिघडलेलं नाव, एखादी शिवी किंवा इटालियन शब्द जो आजोबा बोलायचे, तेही लिहावं. इतिहासकाराला बारीक धाग्याने मोठं कापड विणता येतं, पण धागाच नसेल तर काहीच करता येत नाही.

आणि हे काम एकट्या घरावर सोडू नये. कोलाड, रोहा, माणगाव, महाडच्या शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी आपापल्या गावातल्या अशा वस्तूंची एक वही करावी. कोणाच्या घरी काय आहे, कोणाच्या आजोबांच्या बाहीवर कोणतं चित्र होतं, एवढंच. संग्रहालय बांधायची गरज नाही, वस्तू घराबाहेर काढायची गरज नाही. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने संगमरवरावर फक्त आकडे लिहिले, नावं लिहिली नाहीत. ती चूक आपण आपल्या हाताने दुरुस्त करू शकतो. या खोऱ्यांतल्या शेतकऱ्यांनी, वाडीवरच्या लोकांनी, अक्षर न येणाऱ्यांनी आफ्रिका, इराक, बर्मा, इटली आणि जावापर्यंत जगाच्या इतिहासात पाऊल टाकलं, आणि त्यांची नोंद करायची आपली पाळी आता आली आहे.